एकवीस नंबरची सुई

सांगलीची मंडळी पोहे खात होती आणि खाता खाता भिंतीवरच्या मोरांकडे बघत होती. सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

लग्न तसं ठरल्यातच जमा होतं. भार्गवी आणि ऋषिराज पुण्यात एकाच कंपनीत, एकाच मजल्यावर, आणि एकमेकांच्या डब्यातलं खात त्यांना दोन वर्षं झालेली. आता आईबापांनी एकदा भेटून 'हे आम्हीच जमवलं' अशी स्वतःची समजूत घालून घेणं तेवढं बाकी होतं. त्यासाठी ऋषिराजच्या आई क्रांतीताई आणि त्यांचे यजमान साताऱ्याला, शाहूपुरीतल्या फ्लॅटवर आले होते. क्रांतीताईंचं माहेर कुंडलचं. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. बाई खुर्चीत बसल्या तरी समोरच्याला उभं राहावंसं वाटायचं.

भिंतीवर मोरांची जोडी होती. जाळीच्या कापडावर लोकरीने टाका टाका भरलेली, काचेच्या फ्रेममध्ये बसवलेली. भार्गवीचे वडील मधुकरराव एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झाले, तेव्हा सहकाऱ्यांनी कुठल्याशा प्रदर्शनातून आणून ती भेट दिली होती. ती भिंतीवर लागली त्या दिवसापासून घरातल्या कुणी तिच्याकडे पाहिलं नव्हतं.

"सुरेख काम आहे हो," क्रांतीताई म्हणाल्या. "कुणाच्या हातचं?"

अशा वेळी काय बोलायचं हे आपल्याकडे ठरलेलं असतं. पोहे मुलीने केलेले असतात, दारातली रांगोळी मुलीने काढलेली असते, आणि भिंतीवर जे काही टांगलेलं असेल त्याची जबाबदारीही मुलीवरच येते. मधुकररावांच्या पत्नी पद्माताईंनी रीतीप्रमाणे सुरुवात केली. "ते होय? ते आमच्या भार्गवीनं—"

"आई, मला शर्टाचं बटण लावता येत नाही," भार्गवी म्हणाली.

चमचे थांबले. पद्माताई लेकीकडे अशा बघायला लागल्या, जणू हिला पुण्याला पाठवली हीच चूक झाली. आणि तेवढ्यात मधुकररावांच्या तोंडून, त्यांचीही परवानगी न घेता, शब्द बाहेर पडले, "मी केलंय."

"तुम्ही?" चार तोंडांतून एकदम आलं. त्यातली दोन तोंडं घरचीच होती.

"फावल्या वेळात," मधुकरराव म्हणाले.

"सुई कितीची वापरलीत?"

हा प्रश्न येईल असं कुणाला वाटलं होतं? पण क्रांतीताई स्वतः तीस वर्षं जाळीवर भरत होत्या. आणि मधुकररावांचं म्हणाल तर वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये एकतीस वर्षं गेलेली. बेअरिंगचा नंबर, पट्ट्याचा नंबर, नटाचा नंबर. समोरच्याने 'कितीचा' म्हटलं की खिडकीतून नंबर फेकायचा, ही हाडात मुरलेली सवय. "एकवीस," त्यांनी फेकला.

"एकवीस?" क्रांतीताईंच्या भुवया वर गेल्या.

"चहाचं बघतो," म्हणून मधुकरराव आत पळाले. चेहरा बाहेर ठेवण्यासारखा राहिला नव्हता.

पाच मिनिटांनी ट्रे घेऊन आले, तर मोर भिंतीवर जरा तिरपे झालेले आणि क्रांतीताई चक्क उभ्या. त्यांनी मधुकररावांच्या हातातून ट्रे काढून घेतला. "तुम्ही बसा दादा. आधी सांगायचं नाही का? आमच्या माहेरी याला फार मान आहे."

भरतकामाला एवढा मान! मधुकररावांना गहिवरून आलं. "छे, मान कसला. बसून बसून माणूस करणार काय? दिवस काढायचे म्हणून आपला हाताला चाळा."

"तेच तर," क्रांतीताई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज ओला झाला. निघताना उंबऱ्यापाशी थांबून त्यांनी एक गोष्ट मागितली. फक्त एकच. "अकरा आठवड्यांनी लग्न. रुखवतात विकतचं काही ठेवू नका. तुमच्या हातचं एक नवं काम ठेवा. आमची माणसं लांबून बघायला येतील."

दार लागलं. भार्गवीने हाताची घडी घातली. "बाबा, मला त्या घरात राहायचंय. त्या बाईंना खोटं कळलं ना, की त्या आयुष्यभर काही बोलत नाहीत, नुसत्या बघतात. ऋषी सांगतो. एक तर आत्ता फोन करून खरं सांगा, नाहीतर खरं करून दाखवा."

फोन समोरच होता. मधुकररावांनी त्याच्याकडे पाहिलं, मग मोरांकडे पाहिलं, आणि म्हणाले, "त्यात काय अवघड आहे? भोकातून सुई घालायची, भोकातून काढायची."

त्या दिवसातलं त्यांचं आणखी एक खोटं ते हेच. मात्र हे बोलताना त्यांचा त्यावर विश्वास होता, म्हणून ते धरायला नको.

चित्र काय काढायचं यावर त्यांनी फार वेळ घालवला नाही. मोर नको, बदक नको, झोपडी आणि नारळाचं झाड तर नकोच. एसटी! लाल, कपाळावर 'सातारा–सांगली' पाटी असलेली एसटी. कल्पना सुचली तेव्हा ते दाढी करत होते. अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून चौकटीचा कागद शोधायला धावले. मोती चौकातल्या कटलरीच्या दुकानातून जाळी आणली, लाल, पिवळी, काळी लोकर आणली. आणि एक कोरी वही. पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'सुई चाचणी नोंदवही'. रकाने सहा. तारीख, सुई, कोणाकडून प्राप्त, नेढं, टोक, शेरा. माणसाला स्टोअरमधून काढता येतं. स्टोअर माणसातून काढायला अजून कुणी आलेलं नाही.

पहिली सुई घरचीच, पद्माताईंच्या डब्यातली. तिच्या नेढ्यातून लोकर जाईना. मधुकररावांनी लोकर चाटली, पिळली, कातरली, पुन्हा चाटली. जिभेला लाल रंग लागला तेव्हा पद्माताई म्हणाल्या, "अहो, पान खाल्ल्यासारखे दिसताय. आता पुरे." एकदाची लोकर गेली, तर सुईचं टोक इतकं तीक्ष्ण की भोक सोडून शेजारच्या धाग्यात घुसायचं, तिथून सुटलं की बोटात. शेरा: 'नेढं लहान, टोक आगाऊ. नामंजूर.'

तळमजल्यावरच्या रंगूबाई गोधड्या शिवायच्या. त्यांनी वर येऊन जाळी आणि तिच्यातली सुई बघितली. "ही कापडं शिवायची सुई न्हवं का, भाऊ? मोठ्या नेढ्याची पायजे. माज्याकडं हाय." सुई आणली, पण मधुकररावांनी हात पुढे केला तशी त्या मागे सरकल्या. "हातात न्हाई द्यायची! सुई हातात दिली की भांडान हुतं." त्यांनी ती रीतीप्रमाणे जमिनीवर ठेवली. मधुकररावांनी उचलायची. मधुकरराव चष्मा आणायला गेले. फरशी ठिपक्यांची, सुई तिच्याच रंगाची. परत येतात तो सुई नाही.

मग घरात जे झालं त्याला शोधमोहीमच म्हणावं लागेल. पद्माताई पलंगावर पाय वर घेऊन बसल्या आणि तिथून हुकूम सोडू लागल्या. मधुकररावांनी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधलं आणि सगळी खोली झाडून काढली. दोन टाचण्या, एक स्क्रू आणि गेल्या दिवाळीपासून हरवलेली कपाटाची किल्ली मिळाली. गडबड ऐकून समोरचे तानाजी आले. कोरेगावकडचे, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त. "काय सायेब, सुरुंग काडताय का काय?" म्हणत ते आत आले, दोन पावलं चालले आणि एका पायावर उभे राहिले. सुई चपलेच्या तळातून आरपार, आणि निघाली ती वाकडी होऊनच.

"सतरा वर्सं बॉर्डरवर काडली," तानाजी खुर्चीत बसून म्हणाले, "येक ओरखडा न्हाई आला. आन् शाहूपुरीत जखमी झालो गड्या!"

"मी खालीच ठेवली हुती," रंगूबाई म्हणाल्या. "भांडान नको म्हनून."

"आवो मावशी, हातात दिली आसती तर भांडान नुसतं हातात झालं आसतं. हितं पायात झालं!"

दोघांचं पंधरा मिनिटं जोरदार वाजलं. नोंदवहीतला शेरा: 'सुई हातात न देताही भांडण होते.'

जखमी माणसाचा सल्ला टाळता येत नाही. तानाजींनी दुसऱ्या दिवशी लंगडत येऊन दाभण आणलं. पोती शिवायचं, वीतभर. "लय नाजूक खेळ लावलाय तुमी. आमी तंबू शिवलेत ह्यानं. ह्याच्या नेढ्यातनं लोकर काय, चऱ्हाट जाईल." आणि खरंच गेलं. मधुकररावांना हुरूप आला. खर्र करून दाभण जाळीत शिरलं आणि दोन भोकांमधला धागा घेऊनच पलीकडे गेलं. अर्ध्या तासात एसटीच्या टपावर अंगठा जाईल एवढी पोकळी झाली.

"खिडकी म्हनायची," तानाजी म्हणाले.

"टपावर?"

"नव्या गाड्यांना आसती की! सनरूफ."

मधुकरराव कटलरीच्या दुकानात पोचले तेव्हा शनिवार होता. दुकानदार धवल हा तिशीतला मुलगा, कानात सतत ते फोनचं बोंडूक. पण शनिवारी सुई विकायला त्याची आजी घरून परवानगी देत नव्हती. "लोखंड आहे काका, सोमवारी या." सोमवारी त्याने सुयांचा डबाच समोर ठेवला. "जाळीच्या सुया वेगळ्या येतात. नंबर सांगा." इथे मधुकरराव सावध झाले. घाईत सांगितलेल्या एका नंबराने आधीच अकरा आठवडे गहाण पडले होते. त्यांनी विचार केला. लोकर जाड, तर सुई मोठी. सुई मोठी, तर नंबर मोठा. "सगळ्यात मोठा नंबर दे."

"सव्वीस, अठ्ठावीस?"

"अठ्ठावीस!"

घरी येऊन पाकीट फोडलं. आत केसाएवढ्या सहा सुया. नेढं तर दिसेचना. ते आहे असं श्रद्धेनेच मानायचं. नंबर चढेल तशी सुई बारीक होते! हे कळलं तेव्हा मधुकररावांनी पाकीट पद्माताईंच्या नजरेआड सरकवलं. कारण तारेचा गेज, म्हणजे जाडीचा नंबरही असाच उलटा चालतो, हे त्यांनी एकतीस वर्षं, नव्या येणाऱ्या प्रत्येक पोराला, 'एवढंही कळत नाही?' असं म्हणून शिकवलं होतं. शेरा त्यांनी लिहिला, पण इतक्या बारीक अक्षरात की पद्माताईंना वाचता येऊ नये.

धवलकडच्या जाड सुया संपलेल्या. म्हणून भार्गवीने पुण्यातून ऑनलाइन सगळ्या नंबरांचं एक पाकीट मागवलं. तीन दिवस मधुकरराव दाराकडे बघत बसले आणि तिसऱ्या दिवशी मेसेज आला: 'घर बंद असल्याने पार्सल परत.' घर बंद! ते कुरियरच्या ऑफिसात गेले. काउंटरवरच्या बाईंनी पावतीवरून मान वर केली. "पार्सलमध्ये काय आहे?"

"सुया."

"कसल्या? टोचायच्या?"

"नाही, टोचू नयेत अशा हव्यात. म्हणूनच मागवल्यात."

"औषधाच्या सुया असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी लागेल, काका."

मधुकररावांनी पिशवीतून एसटी काढून काउंटरवर पसरली. टपाला भोक, चाकं अजून व्हायची. मागे रांगेत सात माणसं. बाईंनी एसटीकडे पाहिलं, मधुकररावांकडे पाहिलं आणि आवाज एकदम मऊ केला. "तब्येत बरी आहे ना? हे डॉक्टरांनीच करायला सांगितलंय का?" पार्सल मिळालं. पण दयेपोटी मिळालं, हे त्यांना पोवई नाक्यापर्यंत खुपत राहिलं.

घरी येऊन त्यांनी पाकीट उघडलं आणि सुया जाळीवर ओळीने मांडल्या. सोळा, अठरा, वीस, बावीस, चोवीस. आणि मग त्यांना कुणी न शिकवता एक गोष्ट सुचली. स्टोअरमध्ये बोल्ट शोधताना ते काय करायचे? नट हातात धरायचे. बोल्टाला काय विचारायचं, नटाला विचारा! त्यांनी जाळी आडवी धरली आणि एकेक सुई भोकात नुसती सोडून पाहिली. सोळा नंबर अडकली. ढकलावी तर भोक ताणतंय. वीस सरळ खाली पडली, पण तिच्या नेढ्यात लोकर आवळून बसत होती. अठरा भोकात गेली, कडांना जरा टेकली, आणि पुढे आपणहून सरकली. तिच्या लांबट नेढ्यात लोकर चाटल्याशिवाय गेली. टोक बोथट. जाळीच्या धाग्याला टोचेना, भोकातच उतरे; बोटाला लागलं तर नुसतं 'मी आहे' म्हणे.

"पद्मा!" मधुकरराव ओरडले. "अगं पद्मा, अठरा!"

पद्माताई हातातलं लाटणं घेऊनच धावत आल्या. "काय अठरा? साखर अठरा रुपयांवर आली?"

"सुई!"

त्या दिवशी मधुकररावांनी रंगूबाईंना खालून वर बोलावलं, तानाजींना समोरून बोलावलं आणि दोघांना अठरा नंबरची सुई भोकातून सोडून दाखवली. अकरा वेळा. नोंदवहीत लाल शाईने शेरा पडला: 'मंजूर.' आणि तिथून पुढे माणूस थांबला नाही. सकाळी चहाच्या आधी दहा टाके, दुपारी वामकुक्षीच्या जागी शंभर. टपावरचं भोक दोन पदरी जाळी लावून बुजवलं, वर सामान ठेवायचा कॅरिअर भरला. जाळीवर गोल भरता येत नाही हे चाकांपाशी कळलं, तेव्हा चाकं चौकोनीच ठेवली. "आपल्याकडचे रस्ते बगता," तानाजी म्हणाले, "फरक कळायचा न्हाई." शेवटचा टाका पडला त्या दिवशी लग्नाला चार दिवस उरले होते. मधुकररावांनी एसटी टीव्हीवर टेकवून ठेवली आणि संध्याकाळच्या बातम्या कुणालाही बघू दिल्या नाहीत.

सांगलीला विश्रामबागच्या कार्यालयात सकाळी रुखवत मांडलं. मधोमध फ्रेम केलेली लाल एसटी, खाली पाटी: 'वधूपित्याच्या हातचे.' मधुकरराव तिच्या शेजारी ड्युटीवर असल्यासारखे उभे होते. खोटं आता खरं झालं होतं. छाती भरून आली होती.

तेवढ्यात क्रांतीताई एका म्हाताऱ्या माणसाचा हात धरून आल्या. डोक्याला पांढरी टोपी, वय नव्वदीला टेकलेलं, पण नजर घारीची. "मामा, हेच ते. दादा, हे आमचे कोंडीबामामा, कुंडलचे. गोव्याच्या सत्याग्रहात होते."

मामांनी मधुकररावांचा हात दोन्ही हातांत घेतला. "किती काडलं?"

"अकरा आठवडे," मधुकरराव म्हणाले.

"अकराच? मग लवकर सुटलासा की. लय तरास झाला?"

"सुरुवातीला. बोटांना टोचायचं फार."

"आरं द्येवा! बोटास्नी?" मामांनी मधुकररावांची बोटं उलटीपालटी करून पाहिली. "आन् त्यात सुदिक हे भरत बसलासा? आमच्या बराकीत म्या दोऱ्या वळायचो."

"बराकीत?"

"संप होता ना तो?" क्रांतीताई हळूच म्हणाल्या. "एसटीचा. त्याच वेळी तुम्हाला आत टाकलं ना? ऋषीला मी काही विचारलं नाही. पण पहिल्या दिवशी तुम्ही चहा बघायला गेलात आणि मी फ्रेम उलटी करून पाहिली. भरतकाम करणारं माणूस आधी मागची बाजूच बघतं हो. तर मागे चिठ्ठी होती. 'कारागृह उद्योग प्रदर्शन. बंदी क्रमांक तीनशे बारा याने तयार केले.' आणि तुम्ही म्हणालात, मी केलंय. आमच्या कुंडलची माणसं स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेलेली, मला भरूनच आलं. माणूस तुरुंग भोगून आला, आणि सांगतो काय, तर 'दिवस काढायचे म्हणून केलं'!"

मधुकररावांच्या कानांत एकदम शिटी वाजल्यासारखं झालं. संपात ते मागच्या दाराने, तोंडाला रुमाल बांधून, हजेरीपटावर सही करायला गेले होते. तिन्ही दिवस.

आजूबाजूला वीसेक पाहुणे जमले होते. कुणीतरी वाकून नमस्कारही केला. आणि दारात भार्गवी उभी होती, पिवळ्या साडीत, हाताची घडी घालून. मेंदी ओली होती तरी घडी घातली होती.

गप्प राहिलं असतं तर आयुष्यभराचा मान होता. मधुकररावांनी घसा साफ केला. "मामा, मी तीनशे बारा नाही. मी कधी तुरुंगात गेलो नाही. संपात मी... मी कामावर होतो. मोर मी भरलेले नाहीत, मला निवृत्तीला भेट मिळाले. आणि ती एकवीस नंबरची सुई—"

"येतच नाही," क्रांतीताई म्हणाल्या. "एकवीस मिळत नाही दुकानात. मला वाटलं, आत देतील ती सुई घ्यायची, तिथे कसला नंबर."

पुढे त्या काही बोलल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या. पद्माताईंनी लाडवांच्या ताटाचा आधार घेतला.

मग क्रांतीताईंनी एसटी उचलली. "म्हणजे हीसुद्धा विकतचीच?" असं म्हणून त्यांनी फ्रेम पालथी केली, मागचा पुठ्ठा नखाने ओढून काढला, आणि चष्मा नाकावर सरकवला. मागे काय नव्हतं? जागोजागी गाठी. इथून तिथे उड्या मारलेली लोकर. पिवळ्यात काळी, काळ्यात लाल. टपाखाली ठिगळ. चहाचा डाग. आणि कोपऱ्यात रक्ताचा एक वाळलेला ठिपका, पहिल्या सुईच्या काळातला. क्रांतीताईंनी ते वरपासून खालपर्यंत वाचलं, एखाद्या नापास पेपरासारखं.

"दादा," त्या म्हणाल्या, "पैशाने इतकं वाईट कुणी करून देणार नाही. हे मात्र तुमचंच आहे."

आणि त्या हसल्या. मामा तर खोकला येईपर्यंत हसले. "सायेब, येकदा आत जाऊन यायला पायजे हुतं तुमी. टाका सुदारला आसता!"

क्रांतीताईंनी एसटी परत टेबलावर ठेवली, पण उलटी. गाठी पाहुण्यांकडे, चौकोनी चाकं भिंतीकडे. मधुकरराव ती फिरवायला पुढे झाले, तर त्यांनी हात आडवा घातला. "राहू दे. आमच्याकडे खात्रीची बाजू पुढे ठेवतात."

भार्गवीने हाताची घडी सोडली. दोन्ही कोपरांवर मेंदी उठली होती.

अक्षता पडेपर्यंत सांगली, पलूस आणि कुंडलकडच्या सगळ्या बायकांनी एसटीची मागची बाजू पाहिली. मधुकरराव प्रत्येकीला सांगत होते, "पलीकडून बघा हो, पलीकडून फार छान आहे." कुणी ऐकत नव्हतं. शेवटी एक म्हातारी बाई गाठींवरून बोट फिरवत म्हणाली, "कितीच्या सुईनं क्येलंसा वो?"

मधुकरराव सरळ उभे राहिले. त्यांनी फेटा नीट केला.

"अठरा," ते म्हणाले. "का अठरा, ते सांगतो. बसा."